कापसातला उंदीर

माझे दात झोपेत वाजतात. मला स्वतःला तो आवाज कधी ऐकू आलेला नाही. दुसऱ्यांनी सांगितले म्हणून, आणि सकाळच्या जबड्यावरून, मला तो कळतो. उठले की कानाच्या पुढे ठणकते, तोंड पुरते उघडत नाही, आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी वरणात भिजवल्याशिवाय पहिला घास चावता येत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई शेजारणींना सांगत, नवी सून फार लाजते, म्हणून हळू जेवते. लाजाळू तर मी होतेच. आताही आहे. पण हळू जेवण्याचे कारण ते नव्हते.

हे सगळे समजायला आधी माझ्या फुईबद्दल सांगितले पाहिजे. फुई म्हणजे वडिलांची बहीण. माझे माहेर धुळ्याजवळच्या एका खेड्यात. मला कळायला लागले तेव्हापासून फुई आमच्याच घरी होती. ती विधवा नव्हती. कपाळाला कुंकू लावी, हातात बांगड्या घाली, पण सासरी कधी जात नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या सगळ्या लेकी माहेरी येत, निंबाला झोके बांधत, गाणी म्हणत, आणि सण झाला की एकेकीची गाडी येऊन तिला घेऊन जाई. फुईही अशीच एका आखाजीला आली होती. तिला घ्यायला कोणी आले नाही, एवढेच.

का आले नाही, ते मला आईने माझे लग्न ठरून सुपारी फुटल्यावर सांगितले. फुई सासरी झोपेत दात खात असे. त्याच वर्षी तिचा तरणाताठा दीर तापाने गेला. सासरचे म्हणाले, ही झोपेत दात खाते ती उगीच नाही, ही माणसे खाते. पुढच्या आखाजीला तिला तिच्या पेटीसकट गाडीत बसवून दिले.

मी लहानपणापासून फुईजवळ झोपत असे. तिचे दात मी कधीच ऐकले नव्हते. हे मी आईला म्हटले तर आई म्हणाली, ‘‘आते नही वाजतस. आते वाजीसन काय करतीन?’’

मग आईने मला हे तेव्हाच का सांगितले? लग्न ठरल्यापासून माझेही दात वाजू लागले होते म्हणून. ते पहिल्यांदा फुईनेच ऐकले. तिने सकाळी आईला बाजूला घेऊन सांगितले, तेव्हा मी चुलीजवळ बसले होते आणि दोघी एकदम माझ्याकडे बघत होत्या. आईला वाटले जंत असतील. तिने मला वावडिंगाचा काढा दिला. तो फार कडू होता आणि त्याने काही झाले नाही. वडिलांना कळू दिले नाही. फुई मात्र मला विहिरीवर घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, ‘‘बठ्ठा झोपनात का मंग तू झोप. बठ्ठासना पहिले ऊठ. आनि दातमा चिंधी धर.’’

तिने जुन्या लुगड्याच्या मऊ चिंध्या घट्ट वळून मला दिल्या. लग्नात आईने भांडी दिली, फुईने या चिंध्या दिल्या. स्वातंत्र्य मिळून दोनतीन वर्षे झाली होती. गावात शाळा होती आणि मी चौथी पास होते, तरी त्या दिवशी मला फुईच्या त्या चिंधीपेक्षा मोठा आधार दुसरा कुठला वाटला नाही.

सासर धरणगावच्या बाजूला. घर धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, लांबट. मी गेले ते दिवस कापूस वेचणीचे होते. वेचलेला कापूस विकायला जाईपर्यंत घरातच ठेवत. मधल्या खोलीत तो आढ्यापर्यंत भरला होता, आणि त्याला लागून असलेल्या खोलीत आम्ही बाया झोपत असू. पुरुष ओट्यावर. माझे यजमान तर त्या दिवसांत वावरातच झोपायला जात, कापूस चोरीला जाऊ नये म्हणून. आमचे एकमेकांशी बोलणे फार झाले नव्हते.

मी फुईने सांगितले तसेच करीत होते. सगळ्यांच्या शेवटी आडवी होई, भिंतीकडे तोंड करी, चिंधी दातांत धरी. पण झोप लागली की माणसाचा तोंडावर ताबा कुठे राहतो. सकाळी चिंधी उशीखाली नाहीतर कानाजवळ ओली सापडे. ती मी कोणी बघायच्या आत कमरेला खोचून टाकी.

एके दिवशी सकाळी सासूबाई चुलीपुढे बसता बसता म्हणाल्या, ‘‘कापूसमा उंदीर शिरना. रातभर करकर करस.’’

माझ्या हातात पिठाची परात होती. मी ती खाली ठेवली.

मोठी जाऊ, आमच्याकडे तिला जेठाणी म्हणतात, मोठी बोलकी बाई. ती म्हणाली, ‘‘मी बी ऐकं. एखादी घूस व्हई. उंदीर इतला मोठा करकरत नही.’’

‘‘घूस व्हई तर बठ्ठा कापूस खराब करी टाकी,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘बाहेर काढा.’’

आणि खरोखरच कापूस बाहेर काढला. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, जेठ म्हणजे थोरले दीर, आम्ही दोघी जावा आणि शेजारच्या दोन बाया, सगळे सकाळपासून पाट्या भरभरून कापूस अंगणात नेऊन पसरत होतो. मी सर्वांत जास्त पाट्या नेल्या. मला ठाऊक होते की त्यात उंदीर नाही, आणि मी पाट्या उचलत होते. प्रत्येक पाटीबरोबर मी मनात म्हणत होते, एक तरी उंदीर निघू दे. मेलेला असला तरी चालेल. मी आयुष्यात देवाजवळ पुष्कळ मागितले, पण उंदीर तेवढा त्याच दिवशी मागितला.

निघाला नाही. खोलीचा तळ लागला. सासूबाईंनी काठीने कोपरे ठोकून पाहिले. बीळही नव्हते. गल्लीतली एक म्हातारी ओट्यावर बसून मजा बघत होती, ती म्हणाली, ‘‘अक्का, तुना उंदीर शहाना शे. तुले पाहीसन सासरी निंघी गया.’’ सगळ्या हसल्या. मीही पदर तोंडावर घेऊन हसल्यासारखे केले.

कापूस परत आत भरला आणि त्या खोलीत एक मांजर आणून सोडली. आवाज होतच राहिला. जेठाणी सासूबाईंना म्हणे, ‘‘आत्याबाई, मांजर बहिरी शे का वं?’’ काही दिवसांनी ती मांजर कापसातच व्याली. मग तर जेठाणीला ऊत आला. ‘‘उंदीर धराले आनेल, आते तिलेच शिरा खावाडा.’’ सासूबाई चिडल्या, कापूस डागाळला म्हणून, पण पिल्ले त्यांनीच टोपलीत काढून ठेवली.

सगळे हसत होते ते दिवस मला सर्वांत भीतीचे गेले. कारण मला एक गोष्ट दिसत होती. तोवर कापूस होता म्हणून उंदीर होता. कापूस विकायला लागला की गाडी भरून जाई आणि खोली थोडी रिकामी होई. गाडी अंगणाबाहेर पडताना घरातली माणसे समाधानाने बघत, आणि मी खोलीत उरलेला ढीग बघे. माघ संपेपर्यंत सगळा कापूस गेला. खोली झाडून सारवली, ती मीच सारवली. आता भिंती दिसत होत्या, जमीन दिसत होती. आता करकर ऐकू आली तर ती कशाची म्हणणार?

तेव्हापासून मी झोपायचेच नाही असे ठरवले. आडवी पडून जिभेचे टोक दातांत धरून ठेवायची, म्हणजे डोळा लागला की जीभ चावली जाऊन जाग येईल. त्याने जिभेला फोड आले. तिखट खाता येईना. ज्या घरात ठेच्याशिवाय भाकरी कोणी खात नाही, तिथे मी मीठभाकरी खात होते. दिवसा काम करताना डोळ्यांपुढे अंधारी येई.

चैत्रात आम्ही बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो, जेठाणी आणि मी. दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत होते. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. शेंगा फोडता फोडता मी भिंतीला टेकले, तेवढेच मला आठवते. जाग आली तेव्हा जेठाणी हातातली शेंग तशीच धरून माझ्याकडे बघत होती. आमच्या दोघींशिवाय तिथे कोणी नव्हते. मांजरही नव्हती.

तिने ती शेंग फोडली. मग म्हणाली, ‘‘उंदीर सापडना वं माय.’’

मी तिच्या पायांवर हात ठेवला. तिने पाय मागे घेतले आणि शेंगा फोडायला लागली. ‘‘शेंगा फोड,’’ म्हणाली. ‘‘रडू नको. दाने वल्ला व्हतस.’’

तिने कोणाला सांगितले नाही. पण त्या दिवसापासून आम्ही दोघीच असलो की ती मला ‘उंदीरबाई’ म्हणायला लागली. उंदीरबाई, पाणी आण. उंदीरबाई, चूल पेटव. ती हसत म्हणे, तिच्या मनात पाप नव्हते, हे आज कळते. तेव्हा मात्र तिने नुसते तोंड उघडले तरी वाटे, आता सासूबाईंपुढे ही चुकून तेच नाव घेणार.

आणि त्याच महिन्यात यजमानांना ताप आला.

आधी वाटले उन्हाचा असेल. मग तो उतरेना. धरणगावहून डॉक्टर आणला, त्याने मुदतीचा ताप सांगितला. पोटात काही घन जाऊ देऊ नका म्हणाला. दिवसेंदिवस ते वाळत चालले. डोळे आत गेले, ओठ काळे पडले. मी कोपऱ्यात उभी राहून बघत असे. फुईच्या दिराला असाच ताप आला असेल. त्याच्याही ओठांना असेच झाले असेल. मी चौथी शिकले होते, दातांनी माणूस मरत नाही हे मला समजत होते. पण समजणे एका बाजूला आणि रोज सकाळी ठणकणारा जबडा एका बाजूला. जबडा जास्त ठणकला त्या दिवशी ताप जास्त असे. निदान मला तसे वाटे.

शेवटी मी सासूबाईंना सांगितले. त्या गोठ्यात म्हशीची धार काढत होत्या. तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती, पण म्हैस मधे होती, तिच्याआडून सांगितले. म्हटले, कापसात उंदीर नव्हता, माझे दात होते. म्हटले, माझ्या फुईचेही असेच होते. म्हटले, मला माहेरी पाठवून द्या, म्हणजे यांना बरे वाटेल. ज्या गोष्टीला मी इतके भीत होते तीच मी मागत होते, आणि मागताना मला वाटत होते की नाही म्हणाव्यात.

धारेचा आवाज थांबला. सासूबाई म्हशीच्या पोटाखालून वाकून माझ्याकडे बघायला लागल्या.

‘‘हाई तुले कोनी सांगं?’’

मी म्हशीच्या पाठीवरची माशी हाकलली.

‘‘तुना दात तुना तोंडमा शेतस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याना ताप त्याना पोटमा शे. दोन्हीसना काय संबंध? जाय, पानी तपाड.’’

मी पाणी तापवले. त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतल्यासारखे वाटले. पण दुसऱ्या दिवशी मी भाताची पेज घेऊन यजमानांकडे निघाले, तर सासूबाईंनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि जेठाणीला दिली. मला म्हणाल्या, ‘‘तू गोठा पाय.’’ तेव्हापासून आजाऱ्याचे सगळे जेठाणीकडे आणि गुरांचे सगळे माझ्याकडे. तोंडाने एक म्हटले, हाताने दुसरे केले. कोणते खरे धरायचे?

ताप हळूहळू उतरला. ते भिंतीला धरून चालायला लागले, तोवर आखाजी आली. माझा भाऊ मला न्यायला आला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘जाय, झोका खेळी ये.’’ मग आत गेल्या आणि माझी पेटी स्वतः ओढत बाहेर घेऊन आल्या. माझी दोन्ही चांगली लुगडी, भांडी, सगळे त्यात भरलेले. ‘‘हाई बी ली जाय,’’ म्हणाल्या.

सणाला जाणारी बाई गाठोडे घेऊन जाते, पेटी नाही. फुईचीही पेटी अशीच गाडीत चढली होती. यजमान ओट्यावर बसले होते, ते आजाराने इतके थकलेले की मान वर करून बघतही नव्हते. मी कोणाला काही विचारले नाही. विचारायला तोंड उघडले असते तर काय निघाले असते, कोण जाणे.

माहेरी आईने पेटी बघितली आणि फुईच्या पेटीशेजारी ठेवली. दुसरी जागाच नव्हती. आखाजी झाली. मी झोक्यावर बसलेसुद्धा, गाणीही म्हटली. नंतर गाड्या यायला लागल्या. माझ्याबरोबरीच्या मुली एकेक करून गेल्या. झोके सोडून दोर घरोघर गेले. निंबाच्या फांदीला घासल्याच्या खुणा तेवढ्या राहिल्या, आणि मी राहिले. वडील रोज संध्याकाळी वेशीपर्यंत जाऊन येत आणि येताना माझ्याकडे बघत नसत.

त्या दिवसांत माझी एक दाढ फुटली. सकाळी तोंडात खडा आल्यासारखे वाटले, थुंकले तर दाढेचा टवका. तो फुईने बघितला. ती माझ्याजवळ बसली आणि कधी बोलत नसे ते बोलली.

‘‘मना बी वाजेत. वाट पाहू तवलूंग वाजेत. मंग मी वाट पाहनं सोडी दिधं.’’ मग म्हणाली, ‘‘दात राहिनात. पन आते तुले कसं सांगू, वाट पाहू नको?’’

मला तिचे ऐकून धीर आला नाही. उलट मी जास्तच घाबरले. फुईचे दात वाट बघणे सोडल्यावर गप्प झाले होते, हे मला आता कळले होते. तशी गप्प झोप मला नको होती.

त्यानंतर काही दिवसांनी सालदार गाडी घेऊन आला. दारात उभा राहून वडिलांना म्हणाला, ‘‘आबा, उशीर झाया. धाब्यावर नवी खारी माती टाकी राहिनूत. बठ्ठं घर रिकामं करेल शे, पेट्या, भांडा, बठ्ठं बाहेर. म्हातारी बोलनी, आते घर झाया, सूनले ली ये.’’

पावसाआधी धाब्यावर खारी माती टाकतात. त्यासाठी घर रिकामे करतात. घरातल्या सगळ्यांना हे माहीत होते आणि मला कोणी सांगितले नव्हते, कारण त्यात सांगण्यासारखे काय आहे असे त्यांना वाटले. मीही विचारले नव्हते.

सालदार पाणी प्यायला आणि पुढे म्हणाला, ‘‘आनि मोठी वहिनीना निरोप शे. उंदीरबाईले लवकर धाडा, मांजर वाट पाही राहिनी.’’

आई आणि वडील एकमेकांकडे बघत राहिले. फुई मात्र तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी तिला विहिरीवर सगळे सांगितलेले होते. तिला इतके हसताना मी त्याआधी बघितले नव्हते.

मी सासरी गेले. घाबरण्याचे कारण उरले नव्हते, तरी दात थांबले नाहीत. हे मला फार विचित्र वाटे. सासूबाई विचारीत, ‘‘आज कितला वाजनात?’’ जेठाणी सांगे, ‘‘आज कमी. आज उंदीर उपाशी व्हता.’’ त्या हसत आणि मीही थोडी हसे. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून सासूबाई मला जबडा शेकायला देत. त्याने बरे वाटे. पण फुटलेली दाढ सडली, गाल सुजला, आणि यजमान मला रेल्वेने जळगावला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दोघेच असे आम्ही पहिल्यांदा कुठे गेलो ते हेच.

डॉक्टरने दाढ काढली. बाकीच्या दाढांवर आरसा धरून बघितले आणि यजमानांना म्हणाला, ‘‘यांच्या दाढा घासून सपाट झाल्यात. झोपेत दात खातात. कसली काळजी आहे का यांना? भीती?’’ मला कापूस चावून धरायचा होता, बोलायचे नव्हते. ते मला फार सोयीचे वाटले.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकावर बसलो. यजमान म्हणाले, ‘‘तुले कसानं भेव वाटस?’’

मी तोंडातला कापूस काढून पदरात घेतला. ‘‘आखाजीनं,’’ म्हटले.

‘‘आखाजीनं?’’ त्यांना काही उमजेना. ‘‘झोकानं भेव वाटस का?’’

मी मान हलवली. समोर हमाल झोपला होता, त्याच्याकडे बघत म्हटले, ‘‘कोनी लेवाले नही उनं तर.’’ न्यायला कोणी आले नाही तर, एवढेच.

फुईची गोष्ट त्यांना ठाऊक होती की नाही, मला माहीत नाही, मी तेव्हाही सांगितली नाही. गाडी आली. मला बायकांच्या डब्यात बसवून ते दुसरीकडे गेले.

पुढच्या आखाजीला भाऊ न्यायला आला, तेव्हा मी गाठोडे घेऊन गाडीत बसत होते. यजमान ओट्यावरून उतरून आले आणि सगळ्यांसमोर भावाला म्हणाले, ‘‘मी नवमीले येसू. दुपारना. मीच येसू.’’ नवऱ्याने बायकोला न्यायला येण्याचा दिवस असा आधी तोंडाने सांगायचा, हे आमच्याकडे कोणी करत नसे. जेठाणी जोरात खोकली. भाऊ हसला. मी खाली बघत बसले.

नवमीपर्यंत मी झोपले. दात वाजले का, असे फुईला रोज सकाळी विचारत होते, ती मान हलवून नाही म्हणे. पण नवमीला पहाटेपासूनच जबडा आवळला तो सुटेना. दुपार झाली, कलली. मी दारात बसून होते, फुई माझ्याजवळ बसून तांदूळ निवडत होती. रस्त्यावर लांब धूळ दिसली. मला ती वाऱ्याची वाटली, म्हणून मी बघणे सोडून दिले. फुईने सोडले नाही.

‘‘उनी तुनी गाडी,’’ ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत चहा ठेवायला गेली.